वरच्या मजल्यावरचा सेंटर-बॅक

चेमाने मला पहिली हाक मारली ती माझ्या डिग्रीने.

मार्च २०२०. ऑफिसने सगळ्यांना लॅपटॉप देऊन घरी धाडलं होतं. मी सँडीफोर्डच्या ऑफिसातून बसमध्ये मांडीवर मॉनिटर घेऊन डून लेरीला, आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावी, आले आणि आमच्या घराच्या जिन्यात अडकले. मॉनिटर छातीशी, किल्ली पर्समध्ये, पर्स मॉनिटरखाली. वरून एक आडदांड माणूस उतरला. साठीच्या आसपासचा, मान खांद्यांतच रुतलेली, कपाळावर आडवेतिडवे जुने व्रण, आणि एका हातावर दोन महिन्यांचं बाळ. दुसऱ्या हाताने त्याने माझा मॉनिटर अलगद काढून घेतला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "काय शिकलीस?"

कुठून आलीस नाही, काय करतेस नाही. काय शिकलीस.

"इंजिनिअरिंग. कॉम्प्युटर."

त्याने मान किंचित झुकवली. "इन्हेन्येरा," तो म्हणाला, आणि तेव्हापासून माझं नाव तेच झालं.

मेक्सिकोत तशी रीतच आहे, हे मला त्याच्या मुलीने, लुसिआने नंतर सांगितलं. इंजिनिअरला इंजिनिअर, वकिलाला वकीलसाहेब अशीच हाक मारायची. शिकलेल्या माणसाचं शिक्षण तोंडाने उच्चारायचं. मला ते इतकं आवडलं की लपवताही आलं नाही. आमच्या घरात मी पहिली डिग्रीवाली. वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होते. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीवालीसुद्धा मला 'इंजिनिअरबाई' म्हणू लागली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी. पण आयर्लंडमध्ये साहेबाच्या साहेबालाही नावाने हाक मारतात. चांगलंच आहे ते, पण माझी डिग्री तेव्हापासून सुटकेसमध्येच होती. ती बाहेर काढली या माणसाने, जो स्वतः सातवीत शाळा सोडून पळाला होता.

घर जुनं, तीन मजली, मजल्याला एक बिऱ्हाड. तळाला डेक्लन, निवृत्त बसड्रायव्हर, एकटा. मध्ये मी. वर लुसिआ आणि तिचं बाळ, इनेस. लुसिआ नर्स. बाळाचे वडील स्लायगोच्या हॉस्पिटलात कामाला होते आणि तिकडेच राहायचे. महिन्यातून एखादा रविवार यायचे. नात बघायला म्हणून चेमा काही आठवड्यांसाठी मेक्सिकोहून आला आणि विमानं बंद झाली. पाळणाघरं बंद. लुसिआला तर ड्यूटीवर जाणं भागच. मग पाहुणा आलेला आजोबाच बाळाचा सांभाळकर्ता झाला. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण "डॉन-बिन काही नको, चेमा म्हण," असं त्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं; 'डॉन' म्हणजे तिकडचं 'साहेब'. म्हणून इथे एकेरी लिहिते आहे.

तो कोण होता हे मला डेक्लनने सांगितलं. मागच्या अंगणात, दोन मीटर अंतर राखून, चहाचा मग हातात धरून.

"युअर मॅन वरचा, कोण आहे माहितीये तुला?" इथे कुणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात, जसं आपण 'तो तुमचा अमका' म्हणू तसं.

"लुसिआचे वडील."

"लुसिआचे वडील!" डेक्लनने आकाशाकडे बघितलं. "अगं, मेक्सिकोच्या फर्स्ट डिव्हिजनचा सेंटर-बॅक आहे तो, गोलसमोरचा मधला बचावपटू. वर्षानुवर्षं खेळलाय. हे बघ."

त्याने फोन अंगणातल्या टेबलावर ठेवला आणि मागे सरकला. मी पुढे होऊन पाहिलं. पिवळट, धुरकट क्लिप. एक कॉर्नर येतो. काळ्याभोर केसांचा एक पोरगा आणि समोरच्या संघाचा फॉरवर्ड एकत्र हवेत उडतात. आवाज नव्हता, तरी मला तो टाळकी आपटल्याचा आवाज ऐकू आला. फॉरवर्डला स्ट्रेचरवर नेतात. तो पोरगा रेषेपाशी उभाच असतो, उभ्या उभ्या एक माणूस त्याचं कपाळ शिवतो, डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळतो, आणि पोरगा धावत आत जातो. पुढचाच चेंडू, त्याच पट्टीवर. धाडकन. पट्टी लाल.

मी फोनवर हात उपडा ठेवला. सकाळीच मी याच माणसाला बाळाच्या दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघताना पाहिलं होतं. थेंब गरम लागला म्हणून तो बाटलीवर फुंकर घालत बसला होता.

संध्याकाळी मी जिन्यात त्याला विचारलंच, "दुखलं नव्हतं?"

"फॉरवर्डला दुखतं," तो म्हणाला. "बॅकला दुखत नाही. बॅक ते नंतर बघतो."

स्वतःच्या खेळाबद्दल तो फार बोलायचा नाही. एकदा राष्ट्रीय संघात बोलावणं आलं होतं, तेव्हा बाकावर बसून परत आला, हे सांगताना तो सगळ्यात जास्त हसला. गोल किती मारले विचारलं तर म्हणाला, "स्वतःच्या संघावर मारलेले धरून?" आणि मग गंभीरपणे: "इन्हेन्येरा, फॉरवर्ड नव्वद मिनिटं झोपतो आणि एकदा जागा होतो, लोक त्याचं नाव घेतात. बॅक नव्वद मिनिटं जागा असतो आणि एकदा डुलकी लागते, लोक त्याचंही नाव घेतात."

त्या मे महिन्यात त्याने आम्हाला मार्किंग, म्हणजे समोरच्या खेळाडूला चिकटून राहणं, शिकवलं. जगात माणसं एकमेकांपासून पळत होती आणि हा माणूस दुसऱ्याला चिकटून उभं राहण्यात जन्म घालवलेला. त्याला ते अंतर सोसायचंच नाही. दुकानाच्या रांगेत लोक याच्याकडे वळून बघत. तर अंगणात डेक्लन झाला फॉरवर्ड, आणि नियम मोडू नये म्हणून दोघांच्या मध्ये लांब दांड्याचा झाडू.

"त्याच्याकडे बघायचं नाही," चेमा मला सांगत होता. "त्याच्याकडे बघितलंस की चेंडू हरवतो. चेंडूकडे बघितलंस की हा हरवतो. मग काय करायचं? डोळे चेंडूवर, बोटं माणसावर." त्याने झाडूचं टोक डेक्लनच्या स्वेटरच्या कडेला हलकेच टेकवलं. "शर्टाची कड, दोन बोटांत, इतकीच. ओढायची नाही. रेफरीला दिसता कामा नये. नुसतं कळलं पाहिजे की आहे, इथेच आहे."

"हा फाउल आहे!" डेक्लन ओरडला.

"दिसला तर!" चेमा म्हणाला.

डेक्लनने डावीकडे हूल दिली, उजवीकडे पळाला आणि गुलाबाच्या ताटव्यात पडला. झाडूचं टोक त्याच्या स्वेटरपासून तसूभरही हललं नव्हतं. वरच्या खिडकीत लुसिआ हसून हसून खाली बसली. मला तिचं ते हसणं आठवतं, कारण पुढे ते फारसं ऐकू आलं नाही.

ही बोटांची सवय त्याला रोजच्या जगण्यातही होती. रस्त्यावर चालताना लुसिआच्या बाहीची कड, दारात बोलताना बाळाच्या दुपट्याचं टोक. मला वाटायचं, खेळाडूची सवय, जायची नाही. आता वाटतं, त्याला नुसतं कळायला हवं होतं की माणूस आहे, इथेच आहे.

मला आधीच कळायला हवं होतं का? खरं सांगते, त्या वर्षी कोण विसरत नव्हतं? वार कुणालाच आठवत नव्हता. आज कचऱ्याचा हिरवा डबा बाहेर ठेवायचा की काळा, हे डेक्लन मला विचारायचा, मी चेमाला, चेमा परत डेक्लनला. चेमाने दूध फ्रीजऐवजी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवलं आणि बाळाचे मोजे फ्रीजमध्ये. लुसिआने फोटो काढून आम्हाला पाठवला, आम्ही हसलो. डेक्लनने लिहिलं, 'पाय थंड ठेवणं, ही बॅकची पहिली अट.' एकच गोष्ट तो दोनदा सांगायचा तेव्हा मी समजायचे, इंग्रजी कच्चं आहे, कोणाला काय सांगितलं लक्षात राहत नसेल. सगळं जग घरात कोंडलेलं असताना एका माणसाचं हरवणं दिसायचं तरी कसं?

माझ्या वडिलांची आणि त्याची ओळख फोनवर झाली. कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर फुटबॉल आलाच. आमच्या पेठेत पोराला चालता यायच्या आधी लाथ मारता येते. आप्पा तरुणपणी तालमीच्या संघातून खेळायचे, आणि मॅचच्या दिवशी त्यांचं लेथ मशीनसुद्धा आजारी पडायचं. व्हिडिओ कॉल चालू होता, मागून चेमा बाळाला घेऊन गेला.

"कोन गं ह्यो पैलवान?" आप्पांनी विचारलं.

"वरचे शेजारी, आप्पा. मेक्सिकोत फुटबॉल खेळायचे. मोठ्या संघात."

"फॉरवर्डला?"

"बॅकला."

आप्पा खुर्चीतून उठलेच. "आगं मग आदी न्हाई व्हय सांगायचं! आपल्यातलाच की मानूस! इचार, इचार त्यास्नी, हेड कसा शिकले?"

मी मधे दुभाषी. चेमाने बाळ माझ्याकडे दिलं आणि हातवारे करून दाखवलं. त्यांचा कोच गोलच्या खांबांवरच्या आडव्या दांडीला दोरीने चेंडू टांगायचा. पोरांनी उडी मारून कपाळाने मारायचा, अंधार पडेस्तोवर. जमायला लागलं की कोच दोरी वर ओढायचा. पाऊस असला तर बरंच, चेंडू भिजून जड व्हायचा, मान पक्की व्हायची.

"आमचं बी त्येच!" आप्पा ओरडले. "चिकलात भिजल्याला बॉल, पाट्यावानी जड! कपाळावर घेतला की डोळ्यापुढं काजवं!"

मग एकाने कोल्हापुरात आणि एकाने डून लेरीत, रिकाम्या हवेत हेडर मारून दाखवले. आप्पांचा फोन कपाटावरून पडला. छताचा पंखा दिसत राहिला आणि आवाज आला, "डोस्कं दुकायचं न्हाई व्हय त्यास्नी? इचार की."

मी विचारलं. चेमा म्हणाला, "दुखायचं. कोच एक गोळी द्यायचा आणि म्हणायचा, आत जा."

"नशीब त्येंचं!" आप्पा हसत सुटले. "आमास्नी गोळी बी न्हाई मिळाली!"

मीही हसले. तो हसण्याचाच विषय होता तेव्हा.

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. एका दुपारी चेमा माझ्या दारात उभा राहिला. बाळ त्याच्या खांद्यावर झोपलेलं. आत ये म्हणता येत नव्हतं, म्हणून मी उंबऱ्याच्या आत आणि तो जिन्यात, असे बोललो.

"फ्लाको गेला," तो म्हणाला. फ्लाको म्हणजे काटकुळा. त्याचा बचावातला जोडीदार, खांद्याला खांदा लावून खेळलेला.

"कोविड?"

"कागदावर कोविड." तो बाळाची पाठ थोपटत राहिला. "पण तो आधीच गेला होता, इन्हेन्येरा. एक दिवस सकाळी भाकऱ्या आणायला बाहेर पडला. बायकोने संध्याकाळी शोधला तेव्हा स्टेडियमच्या बाहेर फूटपाथवर बसला होता. संघाची बस यायची वाट बघत होता. बायकोला म्हणाला, बाई, तुम्ही चुकीच्या दाराशी आलात, प्रेक्षकांचं दार पलीकडे आहे."

हे सगळं त्याने हवापाण्याच्या बातम्या सांगाव्या तसं सांगितलं.

"तुला..." मी अडखळले.

"मला काही झालेलं नाही," तो पटकन म्हणाला. मग आवाज खाली आणून: "लुसिआ लहान असताना आम्हाला मॅचच्या आदल्या दिवशी हॉटेलात कोंडायचे. कधी आठवडाभर दुसऱ्या गावात. ती पहिल्यांदा चालली ते मी फोटोत पाहिलं. फोटोत कुणी चालत नाही, नुसतं उभं असतं. ही चालेल तेव्हा मी तिथे असणार आहे. लुसिआ माझ्या भरवशावर कामाला जाते. हे माझ्याकडून काढून घेतलं तर या देशात माझं काय काम?"

इनेस चालली ती नवीन वर्षाच्या सुरुवातीला, त्याच्याच समोर. त्याने सगळ्यांची दारं ठोठावली. आम्ही मास्क लावून तीन मजल्यांवरून जिन्यात डोकावलो आणि ती डगमगत त्याच्या गुडघ्यांवर जाऊन आपटली. "गोल!" डेक्लन खालून ओरडला. चेमा रडत होता आणि व्रणांच्या त्या कपाळावरून घाम गळत होता.

मग एप्रिल. थोडी मोकळीक मिळाली होती. पोरं मैदानांवर परतली होती. दुपारच्या सुट्टीत मी किनाऱ्याच्या वाटेवर कॉफी घेऊन चालले होते. वाटेच्या वर हिरवळीचा उतार, खाली होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार, मग समुद्र. हिरवळीच्या माथ्यावर चेमा उभा होता, बाबागाडीच्या दांडीवर दोन्ही हात. काही कॉलेजची पोरं पलीकडे खेळत होती. मी हात केला. त्याने पाहिलं नाही. तो वर बघत होता.

कुणीतरी चेंडू उंच उडवला होता. तो वाऱ्याने वाकला आणि बाबागाडीच्या दिशेने खाली येऊ लागला. म्हणजे मला तसं वाटलं. पुढे मी याचा इतका विचार केला आहे की आता माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. कदाचित तो गाडीवर पडला असता. कदाचित लांब पडला असता.

चेमाने दांडी सोडली. तीन ढांगा टाकल्या आणि उडाला. साठीचा माणूस तसा उडू शकतो हे मी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. शरीर मागे ताणलेलं, हनुवटी छातीकडे, आणि कपाळाच्या मधोमध तो चेंडू. काय आवाज होता तो! चेंडू पोरांच्याही डोक्यावरून मैदानाच्या पार पलीकडे गेला. पोरं ओरडली, शिट्ट्या वाजल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच तो मागे वळला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

पण बॅक चेंडू काढल्यावर मागे वळत नाही. चेंडू लांब गेला की अख्ख्या बचावाने पुढे पळायचं, आपल्या गोलपासून दूर, म्हणजे समोरचे फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये, नियमाबाहेरच्या जागी, अडकतात. हे त्याने आयुष्यभर केलं होतं. त्याने हात वर केला आणि "साल्गान! साल्गान!" बाहेर पडा, बाहेर पडा, असं ओरडत तो पुढे पळत सुटला. मैदानाच्या दिशेने. बाबागाडीकडे पाठ करून. डावीउजवीकडे बघत, नसलेल्या सोबत्यांना हाताने पुढे खेचत.

आणि त्याच्या मागे बाबागाडी उतारावरून निघाली.

कॉफी कधी टाकली मला माहीत नाही. मी वर पळत होते, गाडी तिरकी खाली येत होती आणि मला स्पष्ट दिसत होतं की मी पोचणार नाही. पोचली ती एक पोहून आलेली बाई. इथे बायका बर्फासारख्या पाण्यात पोहतात आणि वर टोपीचा मोठा झगा घालून हिंडतात, तसा झगा, अनवाणी. तिने वाटेच्या कडेला पाय आडवा घातला. चाक तिच्या नडगीवर आदळलं, गाडी गर्रकन फिरली आणि थांबली.

"यू आर ग्रँड, पेट, यू आर ग्रँड," ती बाळाला म्हणत होती. काही झालं नाही, राणी, काही झालं नाही. तिच्या नडगीतून रक्त येत होतं. मग माझ्याकडे बघून: "देवा रे, कुणाचं मूल आहे हे?"

मी वर बोट दाखवलं.

चेमा येत होता. धावत नाही, चालत. चेहरा उजळलेला, कपाळावर चिखलाचा गोल शिक्का. पोरं मागून टाळ्या वाजवत होती. तो आमच्यापाशी आला, गुडघ्यांवर हात ठेवून गाडीत डोकावला. इनेसने दोन्ही हात पसरले. "टीटो!" ती म्हणाली. आजोबाला ती तेच म्हणायची.

तो मंद हसला. कौतुकाने, अगदी सभ्यपणे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "किती गोड आहे. तुझी का?"

त्या क्लिपमधलं रक्त मला सोसलं होतं. हे सोसलं नाही.

पोहणारी बाई समजदार होती. तिने काही विचारलं नाही, आम्हाला बाकावर बसवलं आणि स्वतः पलीकडे उभी राहिली. इनेस रडायला लागली. तिच्या पायातला एक मोजा निघाला होता. चेमाने तो उचलला, झटकला, तिचं पाऊल मुठीत धरून बोटं आधी आणि टाच मग, असा चढवला. रोज चढवायचा तसा. मोजा टाचेवर बसला आणि त्याचे हात थांबले. त्याने बाळाकडे पाहिलं. गाडीकडे. उताराकडे. खाली समुद्राकडे.

"इनेस," तो म्हणाला. नुसतं नाव. त्याच्या तोंडाचा रंग उतरताना मी पाहिला.

मग तो म्हणाला, "लुसिआला सांगू नकोस."

"सांगावं लागेल, चेमा."

"चेंडू तिच्यावर येत होता! तू पाहिलंस. तिच्या तोंडावर येत होता. तुझ्या बापाला विचार, त्याने काय केलं असतं? उभा राहिला असता?"

"चेंडूबद्दल मी बोलतच नाही."

त्याने इनेसचा मोजा पुन्हा वर ओढला.

"तू सांग," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगते. तिला कळायलाच हवं." गोड बोलणं मला जमत नाही. तेव्हाही जमलं नाही.

"ती पुन्हा हिला माझ्याकडे देणार नाही."

"नाही देणार," मी म्हणाले.

घरी जाताना गाडी मी ढकलली. तो बाजूने चालला. दोन्ही हात खिशात घातलेले.

संध्याकाळी लुसिआ ड्यूटीवरून आली. मी माझ्या दाराच्या आत उभी होते, पण दार उघडं ठेवलं होतं. त्यानेच सांगितलं होतं, माझं धैर्य गेलं तर तू वर ये. मला जावं लागलं नाही. तो जिन्यातच बोलला, ती बूट काढत असतानाच. स्पॅनिशमध्ये, सलग, न थांबता. मग लुसिआचा आवाज, लहान मुलीसारखा, "नो, पापा. नो."

तो शेवटी काय म्हणाला हे तिने मला काही दिवसांनी सांगितलं. खेळत असताना त्याला मैदानातून मध्येच काढलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. कपाळ फुटलं तरी तो बाहेर यायचा नाही. तिला तो म्हणाला, "मला बदल, पोरी. मी स्वतः मागतोय. कोचला सांगायला लावू नकोस."

पुढचे महिने डॉक्टर, तपासण्या, वाट बघणं. डॉक्टर मोघम बोलले. आजार आहे, वाढेल. इतकी वर्षं कपाळावर घेतलेले चेंडू त्याला कारण आहेत का, असं लुसिआने विचारलं तेव्हा म्हणाले, नक्की सांगता येणार नाही, पण नाही असंही म्हणणार नाही.

मी आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना चेमारावांचं फार प्रेम. "अरारा," ते म्हणाले, "अरारारा." मग हळूच: "मी बी बॅकलाच खेळलो गं."

मला हे सुचलंच नव्हतं. इतकी शिकलेली मी, माझ्याच बापाच्या कपाळाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. त्या दिवसापासून मी फोनवर त्यांना उगाच काहीबाही विचारते. कुठल्या मॅचला गोल कुणी मारला, माझ्या शाळेच्या बाई कोण. दोन-तीनदा त्यांनी उत्तरं दिली. मग म्हणाले, "मला तपासतीस व्हय गं, इंजिनिअर?" आणि हसले. मीही हसले. पण त्यांनी उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते मी ऐकत होते.

सप्टेंबरमध्ये मला कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं. निघायच्या आठवड्यात, एका सकाळी मी चौकातल्या दुकानातून पाव घेऊन बाहेर पडले तर समोरून ते येत होते. लुसिआ बाबागाडी ढकलत होती; इनेस आता पाळणाघरात जायची. रस्त्यावर डार्ट, म्हणजे इथली लोकल, गाठायला निघालेल्यांची गर्दी, शाळेची पोरं, सायकली. आणि गाडीच्या पुढे चेमा. दांडीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो गाडीच्या पुढे चालत होता. उलटा. तोंड नातीकडे, पाठ गर्दीकडे, दोन्ही हात बाजूला पसरलेले. मागून कुणी जवळ आलं की न बघताच त्याला कळायचं. तो हाताचा पंजा हलवून त्याला बाजूला काढायचा. ऑफिसला जाणाऱ्या एका उंच माणसाला त्याने असाच वळवला. एका सायकलवाल्याला खाली उतरवलं. कुणी रागावलं नाही. इनेस गाडीत पाय हलवत त्याच्याशी बोलत होती आणि तो तिचं सगळं खरं असल्यासारखी मान डोलवत होता.

लुसिआने मला पाहिलं. ती थकलेली दिसत होती. तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं, मी मान हलवून नको म्हटलं.

तो माझ्यापर्यंत आला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एका क्षणात मला जोखलं. मी किती लांब आहे, हातात काय आहे, कुठल्या बाजूला जाईन. आणि पंजा हलवला.

मी फूटपाथवरून खाली उतरले, आणि त्यांना जाऊ दिलं.